दुसऱ्या मजल्याविरुद्धचा अर्ज

शुक्रवारी दुपारी मी दोह्यातल्या अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसले होते, तेव्हा लेकीचा फोन आला. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावात फिजिओथेरपी शिकत होती. शेवटचं वर्ष, परीक्षा पाच आठवड्यांवर. "आई, मला रूम सोडायला लागेल बहुतेक," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

रूम म्हणजे एका सत्तरीतल्या बाईंच्या घरातली वरची, मागची खोली. बाई गोऱ्या, एकट्या, उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या. माझ्या पोरीला थंडी वाजते म्हणून स्वतः मोजे विणून देणाऱ्या. व्हिडिओ कॉलवर मला हात हलवून नमस्ते म्हणायच्या. तिचं ट्रेनिंगचं हॉस्पिटल तिथून पायी दहा मिनिटांवर. लेक त्यांच्याकडे आहे म्हणून मी इतकी निर्धास्त होते की काय सांगू! आणि आता त्याच बाईंनी तिला उद्या, शनिवारी, आपल्याबरोबर मोर्चाला यायला सांगितलं होतं.

त्या गावात एक जुनं हॉटेल आहे. सरकारनं तिथे आश्रय मागणारे पुरुष आणून ठेवले होते, कुठकुठल्या लढायांमधून पळून आलेले, बहुतेक मुसलमान. तेव्हापासून दर शनिवारी गावातल्या बायका पाट्या घेऊन हॉटेलसमोर उभ्या राहायच्या. आमच्या मुलींना वाचवा, असं त्या पाट्यांवर लिहिलेलं असायचं. बाई त्यात पुढे. त्यांच्या सोळा वर्षांच्या नातीच्या मागे एक माणूस बस स्टॉपपासून घराच्या दारापर्यंत चालत आला होता. पोलीस आले ते दोन दिवसांनी. नात त्यानंतर एकटी बाहेर पडेना. हे काही ऐकीव नव्हतं, लेकीनं त्या नातीला स्वतः पाहिलं होतं, दिवसभर पडदे लावून बसलेली. त्यामुळे बाई उगाच बोंब मारताहेत असं म्हणायची सोय नव्हती.

"त्या म्हणतात, तू इंडियन आहेस, तू आमच्याबरोबर उभी राहिलीस तर आम्हाला कोणी रेसिस्ट म्हणणार नाही," लेक सांगत होती. "मी म्हटलं, आय विल थिंक. तर त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, माझ्या घरात कोण राहतंय ते मला कळलं पाहिजे. आई, एक्झामच्या आधी मला दुसरी रूम नाही मिळणार. आय चेक्ड. काय करू?"

मी म्हटलं, "थांब, मला विचार करू दे. संध्याकाळी करते फोन."

खरं सांगायचं तर या विषयाचं मला आता अगदी अजीर्ण झालंय. चोवीस वर्षांपूर्वी लग्न करून मी नाशिकहून दोह्याला निघाले, तेव्हा सगळं गणगोत माझ्या भोवती जमून विचारत होतं, मुसलमानांच्या देशात कशी गं राहणार तू? राहिले की! चोवीस वर्षांत मला इथे रस्त्यात कुणाचा धक्का लागला नाही. नाशिकच्या एसटी स्टँडवर एका फेरीत लागायचा. असं सांगितलं की माझा भाऊ म्हणतो, तिथलं सोड, युरोपात बघ ते लोक काय करताहेत. मग त्याचे व्हिडिओ येतात. कुठल्या शहरात कुठल्या मुलीवर कुणी हात टाकला, लाल बाण काढून. ऑफिसात माझ्या शेजारी एक इजिप्तची बाई बसते. ती मला दुसऱ्या बाजूचे व्हिडिओ दाखवते. युरोपात कुठे बसमध्ये कुणा बाईच्या डोक्यावरचा स्कार्फ ओढला. दोघंही मला विचारतात, बघितलंस? मी म्हणते, बघितलं बाई, बघितलं रे, आणि फोन पालथा घालून ठेवते. इथेसुद्धा सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. मोठमोठ्या व्हिलांमधल्या मोलकरणींना विचारलं तर त्या वेगळंच सांगतील. पण त्यांना विचारतंय कोण.

मेथी निवडून झाली, धुऊन झाली, आणि मला तो अर्ज आठवायला लागला.

इथे एकट्यानं राहणाऱ्या पुरुषाला बॅचलर म्हणतात. मग गावाकडे त्याची बायको आणि चार पोरं का असेनात. ज्या भागात कुटुंबं राहतात तिथे अशा कामगारांना एका फ्लॅटमध्ये दहा-दहा जण मिळून राहायला परवानगी नसते. ते फॅमिली बिल्डिंगमध्ये दिसले की आमच्यासारख्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बारा वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर असे आठ जण आले. एसी दुरुस्त करणारे. कुणी बांगलादेशी, कुणी पाकिस्तानी, एक बिहारचा. सगळे मुसलमान, दोघांना लांब दाढ्या. उकाडा म्हणून फ्लॅटचं दार उघडं टाकायचे, बाहेर चपलांचा हा ढीग. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्यांतला एक म्हातारासा पठाण लिफ्ट बंद असताना माझ्या तांदळाची गोणी खांद्यावर टाकून वर आणून द्यायचा आणि दारातूनच परत फिरायचा, पाणीसुद्धा घ्यायचा नाही. तरी मला ते लोक नको होते. का, तर नको होते. बास.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा मराठी घरं तीन. आमचं एक. समोरचं भाभींचं, त्या दापोलीकडच्या कोकणी मुसलमान. आणि पाचव्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं. पाचव्या मजल्यावरचे काका माझ्या नवऱ्याबरोबर रास लफानच्या गॅस प्लांटला कंपनी बसनं जायचे. गणपतीची आरती तेच सांगायचे, खणखणीत आवाजात. माझी लेक त्यांना काका म्हणायची म्हणून मीही काकाच म्हणायला लागले. दुसऱ्या मजल्यावर ती माणसं आल्यापासून ते मला म्हणत होते, वहिनी, पोरीला जपा, या लोकांचा काही नेम नाही. लिफ्टमध्ये आम्ही हे सगळं मराठीत बोलायचो. मराठी कुणाला कळतंय इथे, असं वाटायचं. भाभींना कळायचं, पण भाभी लिफ्टमध्ये नसल्या की झालं.

लेक तेव्हा अकरा वर्षांची. एकाएकी तिनं लिफ्टनं यायचं बंद केलं. शाळेच्या बसमधून उतरायची आणि एवढं मोठं दप्तर पाठीवर घेऊन चार मजले चढून यायची, घामानं निथळत. अभ्यासात लक्ष नाही. जेवायला बसली की भाताची शितं मोजत बसायची. एका शुक्रवारी मी तिला हॉलमध्ये उभी केली. नवरा होता, पाचव्या मजल्यावरचे काका चहाला आले होते. मी विचारलं, लिफ्टमध्ये तुला कुणी त्रास दिला का गं? तिनं मान हलवली, हो म्हणून. मी विचारलं, खालच्या मजल्यावरच्यांपैकी? ती रडायला लागली. काका कप खाली ठेवून म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?"

झालं. माझं डोकं फिरलं.

मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे प्रत्येक नकाशाला, प्रत्येक पत्राला नंबर द्यायचा, कुणी लिहिलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, तीन सह्या बघायच्या आणि मगच तो कागद पुढे सोडायचा. ज्यानं लिहिलं त्याची सही नसेल तर भल्याभल्या इंजिनियरचा कागद मी परत धाडते. पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवायला नको. त्या रात्रीचं जेवण व्हायच्या आत माझा इंग्रजी अर्ज तयार होता. विषय: फॅमिली बिल्डिंगमधील बॅचलर रहिवासी आणि महिला व मुलींची सुरक्षितता. मुद्दे सात. कुणाचं नाव नाही, पुरावा नाही, पण भाषा अशी की वाचणाऱ्याला घाम फुटावा. एक प्रत घरमालकाला, एक बलदियाला, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीला. पहिली सही काकांनी केली. पेन माझ्या हातातून त्यांनीच घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन घरोघरी फिरले. चौदा कुटुंबांनी सह्या दिल्या, हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, सगळ्यांनी. केरळच्या नर्सबाई होत्या तळमजल्यावर, त्यांनी उभ्याउभ्या केली. फक्त एका घरानं केली नाही. भाभींनी कागद पुरता वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "पोरीला एकटीला बसवून नीट विचारलंस काय गो?"

"त्यात विचारायचं काय? रडली ती," मी म्हटलं.

"रडली ते बरोबर. पण बोलली काय?"

मला असा राग आला! मनात म्हटलं, शेवटी आपल्या लोकांची बाजू घेतलीच. आपल्या लोकांची! ज्या बाईच्या घरी माझी पोर शाळेतून आल्यावर रोज दोन तास बसायची, जिच्याशी मी आंबोळीच्या पिठावरून मराठीत कडाकडा भांडायचे, ती त्या दिवसापुरती माझ्यासाठी त्यांच्यातली झाली. कागद तिच्या हातातून घेतला तो जवळजवळ ओढूनच.

आठवड्याभरात पिकअप आली. गाद्या, कुकर, एक टेबल फॅन, आणि आठ माणसं. त्यांना शहराबाहेरच्या कॅम्पात हलवलं असं हारिस म्हणाला. हारिस म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. मी बाल्कनीतून बघत होते. पठाणानं वर बघितलं, मी आत आले.

काही महिन्यांनी तो मला अबू हमूरच्या एका मॉलमध्ये भेटला, शिडीवर चढून एसी दुरुस्त करत होता. खाली उतरून त्यानं सलाम केला आणि विचारलं, "भाभीजी, बेबी कैसी है?" मी उत्तर न देता ट्रॉली पुढे ढकलली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, निर्लज्ज बघ कसा, अजून पोरीची चौकशी करतो! आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लेक पुन्हा लिफ्टनं यायला लागली, तेव्हा तर माझी कॉलर ताठ. अर्ज मार्चमधला, लिफ्ट सप्टेंबरमधली, पण एवढा हिशोब कोण करतंय. जो भेटेल त्याला सांगायचे, आईनं वेळेवर पाऊल उचललं म्हणून पोरगी वाचली. काका तोवर बदली होऊन अल खोरला कंपनीच्या घरात राहायला गेले होते. मी त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखी आई पाहिजे."

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. नवरा झोपाळ्यावर बसून ऐकत होता. मी स्पीकर चालू केला.

"हे बघ," मी म्हटलं, "तासभर उभी राहा. पाटी नको धरूस, नुसती उभी राहा. खोली टिकेल, परीक्षा होईल, मग बघू. आणि त्या बाई काय वाईट सांगताहेत? मुलींच्या सुरक्षिततेचंच तर बोलताहेत. मीसुद्धा तुझ्यासाठी केलंच होतं की नाही? आठवतंय ना, दुसऱ्या मजल्यावरचे?"

मला वाटलं नेटवर्क गेलं. हॅलो, हॅलो केलं.

"आई," ती म्हणाली, "बाबा आहेत का तिथे?"

"आहेत."

"असू दे."

माझी लेक इथल्या इंग्रजी शाळेत वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते अर्धं इंग्रजीत. त्या संध्याकाळी मात्र ती एकही इंग्रजी वाक्य न घालता बोलली, हळू, शब्द शोधत शोधत, कदाचित मला चुकून वेगळं कळू नये म्हणून.

"ते दुसऱ्या मजल्यावरचे नव्हते. काका होते. पाचव्या मजल्यावरचे."

नवऱ्याचा झोपाळा थांबला.

"बाबांची दुसरी पाळी असायची त्या दिवसांत शाळेतून यायच्या वेळी त्यांची पहिली सुटायची. लिफ्टमध्ये ते माझ्या मागे उभे राहायचे. खांद्यावर हात ठेवायचे आणि काढायचेच नाहीत. पाचवा मजला येईपर्यंत. चौथ्याचं बटण मला दाबू द्यायचे नाहीत, म्हणायचे, वर चल, काकू खाऊ देईल. काकू घरी नसायची. मी लिफ्टमधून बाहेर पडायचेच नाही, दांडी धरून उभी राहायचे. म्हणून मग मी जिन्यानं यायला लागले." ती थांबली. "जिन्यात अंधार असायचा, आई. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं असायचं, म्हणून तेवढाच उजेड. ते म्हातारे आजोबा माझ्या पावलांचा आवाज आला की बाहेर येऊन जिन्यातला दिवा लावायचे. मी आपल्या दारात पोचेपर्यंत खाली उभे राहायचे."

अगं बाई गं. ज्या पोरीला दुसऱ्या मजल्याची भीती वाटते ती रोज दुसऱ्या मजल्यावरून चालत कशाला येईल? बारा वर्षांत एकदा, एकदा तरी माझ्या डोक्यात हे यायला नको होतं? साध्या नकाशात जिना चुकला तर मला दिसतो.

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?" मी विचारलं. विचारल्या क्षणी जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"तू विचारलंस तेव्हा ते समोर सोफ्यावर बसले होते. चहा पीत."

नवरा उठून आत गेला. बाथरूमचा नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

"आणि नंतर तू इतकी खूश होतीस," लेक म्हणाली. "सगळ्यांना सांगत होतीस. मला वाटलं, आता सांगितलं तर तू सगळ्यांसमोर खोटी पडशील. ते अल खोरला गेले, मग मी सोडून दिलं."

अकरा वर्षांच्या पोरीनं माझी अब्रू सांभाळली होती. मी नुसती रडले, आणि तिकडे तीच मला म्हणत होती, आई, श्वास घे, आई, पाणी पी.

दुसऱ्या दिवशी ती मोर्चाला गेली नाही. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिनं बाईंना सरळ सांगितलं. मी येणार नाही, आणि का ते ऐका. लिफ्टचं सगळं सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसांचं सांगितलं, माझ्या अर्जाचंही. बाईंनी ऐकून घेतलं. तिच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पण माझ्या नातीच्या मागे कुणीतरी आलंच होतं ना?" लेक म्हणाली, "हो. कोण होता ते तिला विचारलंत?" बाई म्हणाल्या, विचारायचं काय, आम्हाला माहीत आहे. आणि कोट घालून, पाटी घेऊन निघून गेल्या.

त्यांना मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू? वाक्य माझंच होतं.

त्या दुष्ट नव्हत्या. संध्याकाळी नेहमीसारखं ताट झाकून ठेवलं होतं. पण दोन आठवड्यांनी म्हणाल्या, नात राहायला येतेय, खोली लागेल. नात खरंच आली का, ते लेकीला कळलं नाही. तिला गावाबाहेर एक खोली मिळाली, तिथून हॉस्पिटलला यायला बसनं पाऊण तास. आई म्हणून मी रोज इथे जीव मुठीत धरून बसायचे, आता ती बस स्टॉपवर असेल, आता उतरली असेल. पाऊस आणि अंधार, आणि चार वाजताच रात्र. एकदा तिला बसमध्ये कुणीतरी म्हणालं, तू तुझ्या देशात जा. मला सांगून ती हसत होती, "कुठल्या देशात जाऊ, आई? कतारमध्ये जन्मले म्हणून कतार पासपोर्ट देत नाही, आणि नाशिकला मी पाहुणी." मला हसू आलं नाही. परीक्षा दिली तिनं. पास झाली.

मी एक दिवस समोरच्या दारावर गेले. बारा वर्षं आम्ही येत-जात होतो, आंबोळ्या देत-घेत होतो, पण त्या अर्जाचा विषय कधी निघाला नव्हता. भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "पोर माझ्याकडे येऊन बसायची ना, तेव्हा पाच वाजले तरी घरी जायला मागत नव्हती. मी समजायचे, माझ्याकडचा खाऊ आवडतो." आणि त्याही रडायला लागल्या. मला वाटलं होतं त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पठाणाला शोधायला मी दोनदा त्या मॉलमध्ये गेले. कंपनी बदललेली. तिथल्या एसीवाल्या पोरानं विचारलं, नाव काय त्याचं? मला नाव माहीत नव्हतं. गोणी उचलून आणायचा, दिवे लावायचा, सलाम करायचा, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. शुक्रन म्हणून मी परत आले.

आमच्या बिल्डिंगच्या जुन्या रहिवाशांचा अजून व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अर्धे लोक देशात परतले, तरी ग्रुप चालू. काका आता निवृत्त होऊन पुण्यात असतात, आणि ग्रुपवर सर्वांत जास्त तेच बोलतात. सकाळी फुलं, मग सुविचार, मग युरोप. मी मॉलमधून तशीच परत आले त्याच आठवड्यात त्यांनी इंग्लंडमधल्या कुठल्याशा मोर्चाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, आपल्या मुलींना जपा. आणि मला उद्देशून वेगळं: वहिनी, लेक तिकडे आहे ना? काळजी घ्या. खाली नऊ जणांचे जोडलेले हात.

मी ऑफिसात होते. हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नवीन पान उघडलं, याही वेळी इंग्रजीत. विषय: आपल्या पूर्वीच्या अर्जातील दुरुस्ती. लिहिलं की तो अर्ज मी लिहिला होता आणि तो खोटा होता. ज्या आठ माणसांना आपण बाहेर काढलं त्यांनी माझ्या मुलीला कधीही त्रास दिला नाही, उलट तिची राखण केली. त्रास आपल्यातल्याच एका व्यक्तीने दिला. मी मुलीला न विचारता अर्ज केला आणि तुमच्या सह्या घेतल्या, याबद्दल क्षमा मागते. सात मुद्द्यांऐवजी चारच ओळी झाल्या.

पाठवला मात्र नाही. आधी लेकीला पाठवला. म्हटलं, हा कागद तुझा आहे. तू म्हणालीस तर जाईल, नाही म्हणालीस तर फाडते, आणि तुझ्यावर राग नाही.

दुपारचं जेवण झालं, उत्तर नाही. तीन वाजले. मला वाटलं, कशाला उकरून काढलं मी हे. साडेतीनला कागद परत आला. तिनं सगळं तसंच ठेवलं होतं, फक्त एक जागा बदलली होती. मी जिथे 'आपल्यातल्याच एका व्यक्तीने' लिहिलं होतं, तिथे ते खोडून तिनं पाचव्या मजल्यावरच्या काकांचं पूर्ण नाव घातलं होतं, आडनावासकट. आणि सगळ्यात खाली, माझ्या नावाच्या वर, स्वतःचं.